आवडत्या सिनेमावर दहा ओळी

मार्च सरत आला की डिचोलीच्या बाजारातून काजूच्या बोंडूंनी भरलेले टेंपो जायला लागतात. टेंपो निघून जातो, वास तेवढा मागे राहतो. गोड, थोडा आंबूस, नाकाला झोंबणारा. लोक खूश होतात. आमच्या विद्यालयातला प्यून पंधरा दिवस आधीपासून हुर्राकाची चौकशी करत असतो. पहिल्या धारेची ती कोवळी दारू लिंबू-सोडा घालून, वर उभी चिरलेली मिरची टाकून पिण्यात जे सुख आहे ते स्वर्गातसुद्धा नाही, असं त्याचं म्हणणं. मी मान डोलावतो आणि माझे कान तापायला लागतात. पार पाळीपर्यंत गरम होतात. बायको म्हणते, बी.पी. तपासून घ्या. बी.पी. नाही ते. सहा वर्षं झाली, काजूचा वास आला की मला लाज वाटते.

यंदा त्या वासाबरोबर एक मेसेजही आला. आमचं एक चित्रपट मंडळ आहे. पंचवीस-तीस सभासद, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, लोखंडी घडीच्या खुर्च्या आणि उकाडा वाढला की रुसणारा एक प्रोजेक्टर. नाटेकर सर अध्यक्ष. निवृत्त प्राध्यापक, पांढरी मिशी, बोलणं हळू. मंडळ यंदा एक पुस्तिका काढतंय, जुन्या जमान्यातल्या एका फ्रेंच दिग्दर्शकावर. या माणसाने जन्मभर चोर, खुनी, खबरे आणि त्यांच्या मागावरचे पोलीस यांचेच सिनेमे काढले. प्रत्येक सभासदाने त्यातला आपला एक आवडता निवडायचा आणि त्यावर दहा ओळी लिहायच्या. सगळ्यांच्या ओळी आल्या, माझ्या राहिल्या. ‘तुमचा तर तो घड्याळजीचाच सिनेमा असणार,’ असं सरांनी ग्रुपवर लिहिलं आणि पुढे टाळ्यांची दोन चित्रं टाकली. त्या टाळ्या मला थोबाडीत बसल्यासारख्या लागल्या.

दिग्दर्शकाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सहा वर्षांपूर्वी ते नाव मी इतक्या वेळा आणि इतक्या नाकातून उच्चारलं होतं, की आता ते तोंडात घ्यायचीही चोरी झाली आहे. मी इतिहासाचा मास्तर. जन्म कोरगावचा. नोव्हेंबरात पणजीला महोत्सव भरला की गळ्यात पट्टा अडकवून चार दिवस हिंडायचं आणि परत येऊन वर्षभर त्या चार दिवसांवर बोलायचं, एवढीच माझी सिनेमाची विद्या. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार. पण डिचोलीत तेवढ्यावर माणूस जाणकार ठरतो. मीही ठरलो आणि ते मला आवडलं.

त्या वर्षी मंडळाला त्याचे आठ सिनेमे मिळाले होते आणि एप्रिलच्या शेवटच्या रविवारी त्यांवर मी बोलायचं ठरलं होतं. माझ्या घरी रंगकाम काढलेलं, परीक्षा संपलेल्या. पेपरांचा गठ्ठा आणि लॅपटॉप घेऊन मी कोरगावला ताईकडे गेलो.

ताईकडे म्हणजे खरं तर आमच्याच घरी. आई-वडील गेल्यावर घर आणि मागची काजूची बाग आम्हा दोघांची झाली. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिचे यजमान, आमचे भावोजी, सावंतवाडीकडचे. तरुणपणी खाणीवर टिप्पर चालवायला इकडे आले आणि इकडचेच झाले. लग्नानंतर दोघं डिचोलीजवळ सर्वणला भाड्याच्या खोलीत राहायची. खाणी बंद पडल्या, टिप्पर उभा राहिला, विकला गेला, आणि भावोजी ताईला घेऊन कोरगावला आले. बाग धरली, मागे दारूची भाटी लावली. जावई सासरवाडीला येऊन राबतो म्हणून गावात कोण काय बोललं असेल ते देवाला ठाऊक. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. शर्टाच्या खिशात ड्रायव्हिंगचं लायसन मात्र तेव्हाही असायचं.

आमच्याकडे जावई म्हणजे काय, हे इथे सांगितलंच पाहिजे. त्याला पहिला पाट, त्याचं ताट आधी, त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही. माझे वडील स्वभावाने ताठ, सरपंचासमोर उठायचे नाहीत. पण टिप्पर रस्त्याला लावून भावोजी खळ्यात, म्हणजे अंगणात आले की खुर्चीतून उठून उभे राहायचे. हे बघत मी मोठा झालो, म्हणून तर माझी लाज इतकी जुनी आणि इतकी आमच्या जातकुळीची आहे. परक्या माणसाला ती कदाचित पुरती कळायचीसुद्धा नाही.

भाटीवर बसलेल्या माणसाला उठता येत नाही. जाळ कमी झाला तरी पंचाईत, जास्त झाला तर दारू करपते. नळीवरचं पाणी तापलं की बदलायचं. भावोजी एका पालथ्या क्रेटवर सकाळपासून बसलेले असायचे. पहिल्या दिवशी मी पडवीत लॅपटॉप उघडला, तर बाहेरच्या उजेडाने काहीच दिसेना. भावोजी म्हणाले, “हय घेवन ये मास्तरानू, हय काळोख हा.” ते मला मास्तरानू म्हणायचे. थट्टेने, पण मानही असायचा त्यात. मग भाटीच्या छपराला दोन बाजूंनी गोणपाटं लावली, घरातून वायर ओढली, क्रेटवर फळी टाकून लॅपटॉप ठेवला आणि आठ दिवस, रोज जेवणानंतर एक, असे आम्ही आठ सिनेमे बघितले. उकाडा असा की घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मधूनच वाफ आली की पडद्यावरचं पॅरिस दिसेनासं व्हायचं.

खाली इंग्रजी अक्षरं यायची. भावोजींना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून पहिली दहा मिनिटं मी भाषांतर करत बसलो. त्यांनी हात वर केला.

“नको सांगू. माका कळता.”

आणि त्यांना कळत होतं. या माणसाच्या सिनेमांत बोलतातच कमी. कोण कुठे उभा राहतो, कोण कुणाच्या आधी दारातून जातो, टोपी काढतो की नाही, यावर सगळं चालतं. जन्मभर इंजिनाच्या आवाजात, खाणाखुणांवर काम केलेल्या माणसाला ती भाषा आपलीच वाटली असणार. मी वहीत दिग्दर्शकाची शैली, प्रकाशयोजना वगैरे लिहीत होतो. भावोजी एका हाताने लाकूड आत सरकवत बघत होते.

सिनेमांची नावं फ्रेंच. भावोजींनी त्यांना आपली नावं दिली: टोपीवाल्याचो, दोन भावांचो, तिजोरीचो. तिजोरीचा तो जगात सगळ्यात गाजलेला. पाणी भरलेल्या तळघरातून टोळी बँकेत शिरते. सगळी पुस्तकं त्यालाच डोक्यावर घेतात आणि मीही तोच निवडायचा असं न बघताच ठरवून ठेवलं होतं. तो संपल्यावर भावोजी म्हणाले, “हातोडी मारता त्याचे हात बघलंस? हेना जन्मात कधी पानो धरूक नाय.” मी हसलो. त्यांनी आपले हात पुढे केले नाहीत, पण ते समोरच होते. बोंडू पिळून बी वेगळी करायची, ती सुकवायची, भाजायची. बियांच्या तेलाने कातडी सोलवटते आणि काळी पडते, ती पावसाळ्यापर्यंत तशीच राहते.

सहाव्या दिवशी घड्याळजीचा बघितला. एका गल्लीत एक म्हातारा घड्याळ दुरुस्त करणारा. माळ्यावर त्याने एका खुन्याला लपवलंय. एक पोलीस अधिकारी रोज दुकानात येतो, आपलं चालू असलेलं घड्याळ काढून देतो आणि म्हणतो, जरा मागे पडतंय. घड्याळजी ते उघडतो, पुसतो, परत देतो. एवढंच, दीड तास. पोलिसाला सगळं माहीत आहे आणि घड्याळजीला माहीत आहे की त्याला माहीत आहे. शेवटी एके दिवशी घड्याळ परत देताना म्हाताऱ्याचा हात थांबतो आणि तो स्वतःच नजर माळ्याकडे वर करतो. मला सिनेमा संथ वाटला. एकदा मी मोबाइलही बघितला. भावोजी मात्र लाकूड सारायचं विसरले. जाळ उतरला तो ताईच्या लक्षात आला, त्यांच्या नाही.

पुन्हा लाकूड सारत ते म्हणाले, “ह्यो बोंडू पडलेलो हा, मास्तरानू. तोडलेलो नाय.”

काजूत राहिलेल्याला हे सांगावं लागत नाही. दारूसाठी बोंडू झाडावरून कधी तोडत नाहीत. पिवळा-लाल झालेला दिसतो, हातालाही येतो, तरी नाही. पिकला की तो आपला आपण पडतो आणि पडलेलाच उचलायचा. तोडलेला रंगाने फसवतो, पण रस तुरट, घसा धरतो, आणि चार तोडलेले मिसळले तर सगळी धार बिघडते. पहिल्याच दिवशी मी हौसेने टोपलीभर तोडून आणले होते. भावोजी टोपली उचलून गोठ्यात म्हशीपुढे रिकामी करून आले होते.

“तो पोलीस इचारणा नाय,” भावोजी पुढे म्हणाले. “इचारलो असतो तर म्हातारो खोटाच बोललो असतो. तेना वाट बघल्यान. माणूस पिकान पडासर वाट बघल्यान. तो तिजोरीचो पिक्चर तोडलेलो. रंग बरो, पण तोंड आवळता.”

मी वही उघडली आणि ते लिहून घेतलं. त्यांच्यादेखत. त्यांना बरं वाटलं असावं. ताईला हाक मारून म्हणाले, “अगे, मास्तर माझा बोलणा लिवन घेता.” ताई आतून म्हणाली, “बरें जालें. तुमचें कोणें तरी आयकलें.”

पुढचं सांगायला मला सहा वर्षं लागली.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसा मी त्या वाक्यात शिरून बसलो. डिचोलीला आलो आणि आरशासमोर उभं राहून ते वाक्य पाच-सहा तऱ्हांनी म्हणून बघितलं. व्याख्यानाच्या दिवशी हॉल भरला होता. पणजीहून एक समीक्षक बाई आल्या होत्या, मोठं नाव असलेल्या. मी तिजोरीचा सोडून घड्याळजीचा निवडला, म्हणून आधीच लोक सावरून बसले. आणि मग मी माझ्या सगळ्यात खोल आवाजात म्हणालो, की या दिग्दर्शकाचे काही सिनेमे तोडलेल्या बोंडूसारखे आहेत आणि हा एकच पडलेला आहे. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. गोव्यातल्या माणसाला हे वाक्य थेट पोटात कळतं. बाई वहीत लिहून घेत होत्या.

त्याच वेळी मला शेवटच्या रांगेत भावोजी दिसले.

मी त्यांना बोलावलं नव्हतं. मनातही आलं नव्हतं. ताईने पाठवलं होतं, ‘माझ्या भावाचें भाशण आसा, तुमी तरी वचात’ म्हणून. ऐन हंगामात, भर मोसमात जाळ विझवून, म्हापशाला बस बदलून ते आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी. त्यांचं वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी एक गोष्ट केली. शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पाठ सरळ करून बसले. आता आपलं नाव घेतलं जाणार, मास्तर आपल्याला उभं करणार, लोक वळून बघणार, म्हणून ते नीट होऊन बसले. मी ते बघितलं. स्पष्ट बघितलं. आणि पान उलटलं.

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. दुसऱ्याचं वाक्य ढापणं हे व्याख्यान देणाऱ्यांच्या जगात काही मोठं पाप नाही. मीही इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आलोय, की आपला गुन्हा म्हणजे एक वाक्य. लाज वाटायला माणूस तेवढ्यातल्या तेवढ्यात एक बरीशी, शिकल्यासवरल्या लोकांना शोभेल अशी गोष्ट निवडतो आणि खऱ्या गोष्टीवर ती पांघरून ठेवतो.

खरी गोष्ट चहाच्या वेळची. मी, नाटेकर सर आणि त्या बाई असे कोंडाळं करून उभे होतो. भावोजी तीन हातांच्या अंतरावर कप घेऊन उभे, माझं बोलणं संपायची वाट बघत. काजूचा वास त्यांच्या शर्टाला नव्हता, पण हातांना होता. पिशवीत माझ्यासाठी भाजलेल्या बिया होत्या. बाईंचं लक्ष गेलं.

“ते कोण हो? फार मन लावून ऐकत होते.”

किती सोपा प्रश्न. त्यांनी चांगल्या मनाने विचारला. माझे भावोजी, एवढंच म्हणायचं होतं. पण ‘भावोजी’ म्हटलं की त्या बोलणार, ते मालवणीत उत्तर देणार, बोंडूची गोष्ट निघणार आणि माझं वाक्य ज्याचं त्याच्याकडे परत जाणार. आणि खरं सांगायचं तर नुसतं तेवढंच नव्हतं. ते हात होते. त्या हातांचा आणि माझा संबंध त्या बाईंना कळू नये असं मला वाटलं. वाटलं ते वाटलं.

“तो? आमच्याकडे काजूला असतो,” मी म्हणालो.

असतो. एकेरी. ज्यांच्यासाठी माझे वडील खुर्चीतून उठायचे त्यांना.

तीन हातांवरच्या माणसाला ते ऐकू गेलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण ऐकू गेलं हे मला कळलं, कारण त्यांनी कप खाली ठेवला आणि ते खुर्च्या आवरायला लागले. एक-एक खुर्ची घडी करायची, चार झाल्या की उचलून भिंतीला लावायच्या. हॉलमधल्या सगळ्या, चाळीस. कुणी सांगितलं नव्हतं. मी जे म्हणालो ते खोटं पडू नये म्हणून ते करत होते. मी त्यांना गडी ठरवलं, तर ते गडी झाले. माझी मान खाली जाऊ नये म्हणून आमच्या घरचा जावई चाळीस खुर्च्या वाहत होता आणि मी बाईंना प्रकाशयोजना समजावून सांगत होतो.

पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली. “बियो,” एवढंच म्हणाले, आणि बससाठी उतरून गेले.

घरी कुणाला काही कळलं नाही. झाकली मूठ राहिली, असं मी समजून चाललो. ताईलाही त्यांनी सांगितलं नाही, नाहीतर तिने माझं काय केलं असतं ते मला माहीत आहे. मात्र तेव्हापासून भावोजी माझ्या घरात आले नाहीत. दर मे महिन्यात बिया घेऊन डिचोलीला येतात, फाटकाशी उभे राहतात, हाक मारतात. “आत या की भावोजी,” बायको म्हणते. “बस चुकात गे,” ते म्हणतात. ती फाटकावर पाणी नेऊन देते. जावई माणूस रस्त्यावर उभं राहून पाणी पितो आणि मी आतल्या खोलीत पेपर तपासत असल्याचं नाटक करतो. बायको विचारते, “तुमचं काही झालंय का?” मी म्हणतो, त्यांचा स्वभावच तसा. जनाची नाही तर मनाची तरी असावी म्हणतात. माझी ती नुसती मनातच राहिली, पायांत कधी उतरली नाही.

यंदा नाटेकर सरांच्या त्या दोन टाळ्यांनी मात्र मला उठवलं. घड्याळजीवर दहा ओळी लिहायला बसलो आणि एकही पुढे सरकेना. जे आवडलं होतं ते दुसऱ्याला. माझा आवडता कुठला, हे मला आजवर कळलेलंच नव्हतं. आठ सिनेमे मी बघितले ते लोकांना काय सांगता येईल या हिशोबाने, आणि ज्याने नुसते बघितले त्याला मी एकदाही विचारलं नव्हतं.

मागच्या शनिवारी स्कूटर काढली. लाज पुढे ढकलायला वाटेत दोन ठिकाणी थांबलो. कोलवाळच्या पुलाजवळ उगाचच नारळपाणी प्यालो आणि पार्शात चहा. कोरगावला पोचेपर्यंत ऊन उतरायला लागलं होतं. भावोजी भाटीवरच होते. केस पिकलेत. जाळाकडे बघत म्हणाले, “काय मास्तरानू, वाट चुकलंस?”

मी क्रेट ओढून बसलो. पुस्तिकेचं सांगितलं, दहा ओळींचं सांगितलं. मग विचारलं, “भावोजी, त्या आठांतला तुम्हाला कुठला आवडलेला?”

ते जाळाशी वाकले. एक लाकूड बाहेर ओढलं, दुसरं सारलं.

“सगळे बरेच होते रे,” ते म्हणाले. “पिक्चराचा काय. तू आठ दीस बाजूक बसलंस, ता माका आवडला.”

 आता बोललो नाही तर कधीच नाही, असं वाटून मी म्हणालो, “भावोजी, त्या दिवशी हॉलमध्ये मी त्या बाईंना—”

“खुर्च्यो हलक्यो होत्यो रे तुमच्यो,” त्यांनी मधेच म्हटलं. “लोखंडाच्यो असान हलक्यो.” आणि पाणी बदलायला उठून गेले. ते परत आले तेव्हा विषय काजूच्या दरावर गेला होता. ताई पडवीतून ओरडली, “जेवन वच रे, गेल्या खेपेक तसोच गेलंय.” जेवलो. पहिलं ताट भावोजींचं, मी वाढलं. ते जेवले.

परत येऊन मी दहा ओळी लिहिल्या. घड्याळजीवरच. पहिल्या चार सिनेमावर. पाचवीपासून लिहिलं, की हा सिनेमा मला कळला तो माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान अनंत परब यांच्यामुळे. व्याख्यानात मी वापरलेलं बोंडूचं वाक्य त्यांचं आहे. ते स्वतः त्या दिवशी शेवटच्या रांगेत बसले होते आणि मी त्यांची ओळख करून दिली नाही. ते माझे भावोजी आहेत. वाचून बघितलं. खुर्च्यांचं लिहायचं धाडस झालं नाही. तसंच पाठवून दिलं.

पाच मिनिटांत नाटेकर सरांचा फोन आला.

“मिळालं. चांगलं लिहिलंय, आहे तसं छापतो,” ते म्हणाले. “फक्त एवढंच विचारायचं होतं, अनंत परब लिहायचं की अनंतराव?”

आवाजात नवल नव्हतं. मी म्हटलं, “सर, त्या दिवशी मी तुमच्यासमोर म्हणालो होतो की—”

“काजूला असतो म्हणून. हो.”

मी फोन तापलेल्या कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“सर्वणला ते आमच्या शेजारी राहायचे, तुम्हाला माहीत नाही? दहा वर्षं. माझी आई पडली तेव्हा पहाटे टिप्परमध्ये घालून तिला त्यांनी दवाखान्यात नेलं. तुमच्या ताईच्या हातचं मी किती वेळा जेवलोय. हॉलमध्ये निम्म्या लोकांना माहीत होतं ते तुमचे कोण ते.”

नाटेकर सर सर्वणचे, हे मला ठाऊक होतं. भावोजी सर्वणला राहायचे, हेही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात इतकं लक्ष मी त्यांच्या आयुष्यात कधी घातलं नव्हतं.

“मग तुम्ही बोलला का नाहीत, सर?”

“बोलणारच होतो. तोंड उघडलंही. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नको म्हणून.” सर पुढे म्हणाले. “आणि ते खुर्च्या उचलायला लागले. त्या बाई बघत होत्या. आता तुमचं खोटं उघडं पडायला नको म्हणून मीसुद्धा त्यांना म्हटलं, ‘ती कोपऱ्यातली पण घे रे.’ माझ्या आईला उचलून नेलेल्या माणसाला, मास्तर. सहा वर्षं झाली, त्यानंतर मी त्यांच्यासमोर गेलेलो नाही.”